मावशीची हरकत नाही, असं मी लिहिलं

कामतघरच्या एका मुकादमानं एकदा माझ्याकडून थेट राष्ट्रपतींना अर्ज लिहून घेतला होता. तक्रार शेजारच्या कोंबड्याविरुद्ध होती. लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार रात्रपाळी करून सकाळी आठला झोपतात आणि हा कोंबडा नऊला बांग द्यायला सुरुवात करतो. मी म्हटलं, "भाई, कोंबड्याचं राष्ट्रपती काय करणार? वॉर्ड ऑफिसला लिहू." तो म्हणाला, "वॉर्डवाले खुद मुर्गी पालते हैं. आप ऊपर लिखो." मी वर लिहिलं. काही महिन्यांनी दिल्लीहून खरोखर उत्तर आलं, की आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आला आहे. तोवर कोंबडा शिजवून खाऊन झाला होता. मुकादमानं ते पत्र लॅमिनेट करून लूमच्या भिंतीवर लावलं. अजून आहे.

मी अर्जलेखक. भिवंडीत कोर्टाजवळच्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली आम्हा पाच-सहा जणांची टेबलं आहेत. आधी टाइपरायटर होते, आता कॉम्प्युटर आणि कुरकुरणारे प्रिंटर. वकील कोर्टात बोलतो. आम्ही त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं लिहितो. रेशनकार्ड, वारसनोंद, लाइटबिल, हरवलेला दाखला, पळालेला नवरा. गावाकडचा माणूस आला की "हाय-न्हाय" ऐकायचं आणि "आहे-नाही" लिहायचं. यूपीचा कामगार आला की त्याची हिंदी ऐकायची आणि मराठी लिहायची. "लिखिए, माँ बीमार है, छुट्टी चाहिए." "है क्या?" "जाते-जाते हो जाएगी, साहब."

या कामाचे काही रिवाज आहेत. ते मी गनी चाचांकडून शिकलो. चाचा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. सत्तरी उलटली तरी उर्दू, हिंदी, मराठी तिन्हीत लिहितात. पहिला रिवाज असा, की खरं का खोटं ते आपण विचारायचं नाही, ते विचारायला साहेब बसलेत. दुसरा, अर्जाखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. आणि तिसरा, एका प्रकरणात एकच बाजू. ज्याचा अर्ज लिहिला त्याच्या विरोधकाचा अर्ज त्याच टेबलावर लिहायचा नाही, त्याला शेजारच्या टेबलावर पाठवायचं. यामुळे आमच्या गल्लीत भाऊ-भाऊ पाठीला पाठ लावून एकमेकांविरुद्ध अर्ज लिहून घेतात आणि जाताना एकाच रिक्षात बसतात.

आमच्या भाषेत मजकुराला 'मॅटर' म्हणतात. चांगला मॅटर म्हणजे जपून ठेवण्याची वस्तू. एकदा जमलेला मॅटर आम्ही नमुना म्हणून कॉम्प्युटरमध्ये ठेवतो. पुढचं गिऱ्हाईक आलं की नाव, गाव, वय, तारीख बदलायची. बाहेरच्यांना ही लबाडी वाटेल, पण सरकारी साहेबांनाही नेहमीचंच वाचायची सवय असते. नवीन वाक्य दिसलं की त्यांना संशय येतो.

सगळ्यात अवघड मॅटर दयेच्या अर्जाचा. जन्मठेप झालेल्या माणसासाठी त्याचे घरचे लोक लिहून घेतात. शिक्षा कमी करा, माफी द्या. असे अर्ज मी आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लिहिले. लोकांना वाटतं, राष्ट्रपतींना लिहिलं की कागद वर जातो. वर जातो तो थोडा वेळ. मग दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून ठाण्याला, तुरुंगाकडे, आणि शेवटी ज्या गावात खून झाला त्याच गावच्या पोलीस ठाण्यात हवालदाराच्या टेबलावर येऊन पडतो. हवालदार गावात जाऊन विचारतो, हा सुटून आला तर तुमचं काय म्हणणं? एवढ्या मोठ्या सहीसाठी शेवटी एखाद्या ओट्यावर बसून चहा पीत चौकशी होते. हे मला ठाऊक होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

दापोड्याच्या पलीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही. बारा वर्षांपूर्वी तिथं ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. ग्रामपंचायतीत पक्ष कागदावर नसतात, पॅनेल असतात, पण कुठलं पॅनेल कुठल्या झेंड्याचं हे गावातली गुरंसुद्धा ओळखतात. निकालाच्या दिवशी जिंकलेल्यांची मिरवणूक हरलेल्यांच्या आळीत शिरली. गुलाल, घोषणा, मग शिव्या, मग लोखंडी सळई. हरलेल्या पॅनेलचा प्रकाश नावाचा तरुण कार्यकर्ता तिथंच गेला. जिंकलेल्या पॅनेलच्या रमाकांतला जन्मठेप झाली.

गेल्या वर्षी रमाकांतसाठी दयेचा अर्ज करायचं ठरलं. ठरवलं शेठनं. शेठ म्हणजे त्याच्या पॅनेलचे पुढारी, दापोड्याला त्यांची गोदामं आहेत. आता गंमत अशी, की ज्या दोन झेंड्यांसाठी तेव्हा डोकी फुटली ते झेंडे आज एकाच बॅनरवर असतात. दोन्हीकडचे पुढारी एकमेकांना वाढदिवसाचे केक भरवतात. त्यामुळे 'राजकीय सूडाचा बळी, रमाकांतला माफी द्या' असे बॅनर नाक्यावर लागले तेव्हा प्रकाशच्या पॅनेलचं कुणी हूं का चूं केलं नाही. केलं ते तिसऱ्याच झेंड्याच्या मंडळींनी. त्यांना या निमित्तानं मोर्चा मिळाला. 'खुन्याला माफी नाही'. टीव्हीवाले आले. राजकारणात केलेला खून हा खून की काय, यावर संध्याकाळी चर्चा झाल्या. मोर्च्याचं निवेदन गनी चाचांनी लिहिलं, दयेचा अर्ज मी लिहिला, आणि आमच्यात स्टेपलर एकच असल्यामुळे दोन्ही कागदांना पिना त्याच स्टेपलरनं मारल्या.

शेठ माझ्या टेबलासमोर खुर्ची उलटी करून बसले. "दिनू, असा लिव, का वाचून राष्ट्रपतींच्या डोल्यात पानी आला पायजे."

"शेठ, पाणी आणतो. पण रमाकांत काय म्हणतो? त्याचं एक पत्र आणा तुरुंगातून."

"तो काय बोलनार? त्याला सोडवायचा हाय, त्याची मुलाखत घ्यायची न्हाय."

मी नमुना उघडला. माझ्याकडे एक फार उत्तम मॅटर होता. दिघाशीच्या बाजूला, म्हणजे माझ्याच गावाकडे, बांधावरून चुलतभावानं चुलतभावाला मारलं होतं. तेव्हा मेलेल्याची आई स्वतः माझ्यासमोर येऊन बसली, रडली आणि म्हणाली, सोडा त्याला, तोही माझ्याच मांडीवर वाढलाय. तिचं म्हणणं मी असं काही लिहिलं होतं की चाचासुद्धा म्हणाले होते, "वा." त्या मॅटरमध्ये मी रमाकांतची माहिती भरत गेलो. अर्जदार, वय, गाव, मयताचं नाव, मयताच्या आईचं नाव. आईचं नाव कोर्टाच्या निकालपत्रात साक्षीदार म्हणून होतं, तिथून घेतलं. हात आपोआप चालतात अशा वेळी.

प्रिंट काढून वाचताना तिसऱ्या पानावर थांबलो. 'मयताच्या मातोश्री श्रीमती तानीबाई यांनी सर्व कटुता विसरून अर्जदारास मनापासून क्षमा केली असून त्याच्या सुटकेस त्यांची कोणतीही हरकत नाही.'

ही चूक होती. नमुन्यातून राहिलेली. इथपर्यंत मी निर्दोष आहे असं मला म्हणता येईल.

मी शेठना म्हटलं, "हा परिच्छेद काढायला हवा. तानीमावशीला विचारलेलं नाही." शेठनी पान हातात घेऊन वाचलं. "अरे, ह्योच तर एक नंबर हाय! काढतो कशाला?" "तिला विचारा तरी." "अकरा-बारा वरसं झाली. आता ती काय बोलनार? आनि तिच्या पोराचा पॅनेल पन आता आपल्याच बरोबर हाय." बाहेर त्यांची जीप सुरूच होती. अर्जाच्या प्रती गावोगाव फिरवून सह्या घ्यायच्या होत्या.

आता खरी गोष्ट सांगतो. तानीमावशी मला अनोळखी नव्हती. आठवड्यातून दोनदा ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोणपाट टाकून भाजी विकायला बसते. शेवगा, काकडी, वालाच्या शेंगा. मी तिच्याकडूनच भाजी घेतो. ती प्रकाशची आई हे मला माहीत होतं. त्या दिवशीही ती बसली होती. माझ्या खुर्चीतून तिचं डोकं दिसत होतं. उठून गेलो असतो तर चाळीस पावलं झाली असती.

मी उठलो नाही. शेठला घाबरलो म्हणून नाही, तसं सांगितलं तर माझी अब्रू थोडी तरी वाचेल. पण कारण वेगळं होतं. तो परिच्छेद फार छान होता. तो काढला असता तर अर्ज लंगडा झाला असता. इतक्या वर्षांत राष्ट्रपतींनी खरोखर वाचावा असा माझा मॅटर तोच, आणि तो मला लंगडा नको होता. मी मनाशी म्हटलं, कोण वाचतंय एवढं? आणि प्रिंट दिली. जाताना मावशीकडून शेवग्याची जुडीही घेतली. तिनं दोन शेंगा वर घातल्या.

काही महिन्यांनी एक दिवस मावशी भाजी सोडून माझ्या टेबलाशी आली. पिशवीतून घडी घातलेली झेरॉक्स काढली. सह्यांसाठी गावात फिरवलेल्या प्रतींपैकीच एक.

"दिनू, ह्यो कागद वाच. हवालदार घरी आलता. खुर्ची दिली, चा दिला. तर बोलतो, आजी, तुम्ही लय मोठ्या मनाच्या. मी बोलली, काय झाला रं बाबा? तर बोलतो, तुम्ही रमाकांतला माफी केली ना, इथं लिवलंय. मी बोलली, दाखव. दाखवून काय, मला वाचता येतंय थोडाच! म्हनून तुज्याकडं आली."

मी वाचू लागलो. माझाच मॅटर, मोठ्यानं, तिला. अर्जदार गरीब कुटुंबातील आहे. अर्जदाराला तीव्र पश्चात्ताप झाला आहे. तुरुंगातील वर्तणूक चांगली आहे. तिसऱ्या पानावर आलो आणि तो परिच्छेद गाळून पुढे गेलो. हे लिहितानाही कानशिलं गरम होतात.

मावशी म्हणाली, "सोडलास तू."

"काय?"

"हवालदारानं वाचलेला ह्याच्यात आला न्हाय. माजा नाव होता त्याच्यात. तू सोडलास."

मी तो परिच्छेद वाचला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ह्याच्यावर उलटा अर्ज लिव. आत्ताच."

आणि इथं मला आमचा रिवाज आठवला. बुडत्याला फळी सापडावी तसा. "मावशी, मला लिहिता येणार नाही. आमच्याकडे एका प्रकरणात एकच बाजू लिहायची पद्धत आहे. तुम्ही चाचांकडे जा, ते लिहितील."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. तिला माझ्याआधी कळलं होतं.

"म्हंजे ह्यो तू लिवलास?"

"हो."

"तुला कोनी सांगितला, माजी हरकत न्हाय म्हनून? शेठनं?"

"नाही. कुणीच नाही. जुन्या अर्जात होतं ते. दुसऱ्या एका बाईचं."

"तिची हरकत नव्हती?"

"नव्हती. ती स्वतः येऊन सांगून गेली होती."

"मंग तिची हरकत न्हाय म्हनून माजी न्हाय?"

मी कीबोर्ड सरळ करू लागलो.

"आनि रमाकांतला पस्तावा झालाय, ह्यो? तो भेटला तुला?"

"नाही."

"म्हंजे पस्तावा पन दुसऱ्याचाच!"

शेजारच्या टेबलावर चाचांना ठसका लागला. हसू होतं की काय, मी वळून पाहिलं नाही. मावशी मात्र हसली नाही. गल्लीच्या तोंडाकडे, आपल्या गोणपाटाकडे बोट करून म्हणाली, "मी तर तिथंच बसलेली होती रं."

चाचा उठून आले. मला वाटलं, ते मावशीला आपल्या टेबलावर नेतील. त्यांनी तिच्यासाठी स्टूल ओढलं, तेही माझ्याच टेबलाशी. मी म्हटलं, "चाचा, रिवाज..." ते म्हणाले, "रिवाज इसलिए है कि लिखनेवाला बिके नहीं. छुपने के लिए नहीं बनाया था. चल, लिख."

मी कोरी फाइल उघडली. नमुना नाही. "काय लिहू, मावशी? माझी हरकत आहे, असं?"

ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मग बोलू लागली, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "रमाकांतची आय आनि मी एकाच बांधावर लावनी केलेली हाय. गेल्या साली मेली ती. पोराला रजा मिळाली, तवर हिला जाळून झालेली. तवा मला वाटला होता, पुरं झाला आता, सोडावा त्याला. तवा कोनी दारात आला असता ना, शेठ न्हाय, तूच आला असतास, तर मी बोलली असती, न्हाय माजी हरकत. लिवून घे. आंगठा न्हाय, सही केली असती. सही शिकलेय मी."

"मग आता काय लिहू?"

"आता न्हाय बोलत."

"म्हणजे हरकत आहे, लिहू?"

"तसा पन लिवू नको. मोर्चेवाले नाचवतील ह्यो कागद. त्यांनी तरी कुठं इचारला मला? त्यांच्या बॅनरवर पन माज्या पोराचा फोटो, मला न सांगता." तिनं पदर सोडला. "असा लिव. सरकारला सोडायचा असंल तर सरकारनं सोडावा. तानीनं सोडला असा लिवायचा न्हाय. तानीला कोनी इचारला न्हाय."

मी तेवढंच लिहिलं. 'आहे-नाही' सुद्धा केलं नाही, तिचे शब्द तसेच ठेवले. 'सविनय' नाही, 'कृपावंत' नाही. सरकारी साहेबाला संशय येईल असा हा माझा पहिलाच कागद. तिनं खाली सही केली, एकेक अक्षर उभं करत, आणि चाचांनी तिचं मनगट न धरता फक्त कागद धरून ठेवला.

मग मी माझा कागद लिहिला. शेठना कुठून तरी बातमी लागली आणि फोन आला. "दिनू, कशाला वाढवतो? टायपिंग मिश्टेक बोल. मिश्टेक तर व्हतीच ना?" होती. तेच तर वाईट होतं. अर्धं खरं माझ्या हाताशी तयार होतं आणि त्यानं सगळ्यांचं भागलं असतं. शेठचं, अर्जाचं, माझं. मी लिहिलं, की सदर परिच्छेद जुन्या अर्जातून चुकून आला. पुढे लिहिलं, की तो चुकून आल्याचं छपाईच्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं, श्रीमती तानीबाई तेव्हा चाळीस पावलांवर बसल्या होत्या, आणि मी तो तसाच ठेवला. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. तीस वर्षांत अर्जाखाली माझं नाव पहिल्यांदा आलं. पोलीस ठाण्यात हवालदारानं दोन्ही कागद वाचले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पोहोच दिली.

शेठच्या माणसांची कामं माझ्याकडे येणं थांबलं. त्यांची निवेदनं आता शेडच्या पलीकडच्या टेबलावर होतात. मोर्चेवाले सत्कार करायला आले होते, शाल घेऊन. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूचा झालो. मी त्यांना चाचांकडे पाठवलं आणि चाचांनी त्यांना चहा पाजून शालीसकट परत पाठवलं. रमाकांतच्या अर्जाचं काय झालं हे अजून कुणालाच माहीत नाही. कागद खालून पुन्हा वर निघालाय. टीव्हीवरच्या चर्चा संपल्या. बॅनरवर दुसरे चेहरे आलेत.

मी मात्र हल्ली वाईट अर्जलेखक झालोय. लोकांना खोदून विचारतो. परवा एकजण म्हणाला, "माँ बीमार है लिखो," तर मी म्हटलं, "फोन लावा आईला." त्यानं लावला. आई ठणठणीत होती आणि तिनं त्याला अशा शिव्या दिल्या की अर्ज न लिहिताच तो घरी जायच्या गाडीत बसला.

मावशी अजूनही गल्लीच्या तोंडाशी बसते. माझ्याशी बोलते, भावही करते. पण त्या दिवसापासून वर शेंगा घालत नाही. गेल्या महिन्यात ती फायलीची चौकशी करायला टेबलाशी आली. मी पोलीस ठाण्यात विचारून ठेवलं होतं, ते सांगितलं. ती निघाली तेव्हा मी उभा राहिलो. इतके दिवस राहिलेलं एकदाचं बोललो. "मावशी, माझं चुकलं. मला माफ करा."

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अर्ज कर," ती म्हणाली. "बघू."

मी हसलो. मग पाहिलं तर ती हसत नव्हती.